फिट माणसालाही विरळ हवा बाधते

बडोद्याच्या एका प्रेक्षकाने विचारलंय, "सर, मी रोज दहा किलोमीटर पळतो, कळसूबाई न थांबता चढतो. मग लेहला मला त्रास कशाला होईल?"

तरुणपणी मलाही असंच वाटायचं. ते एका जवानाच्या जिवावर बेतलं होतं.

मी कॅप्टन होतो. आमची तुकडी विमानाने लेहला उतरली. पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती, असा हुकूमच असतो. तरी आमचा सगळ्यात वेगवान धावपटू दुसऱ्या दिवशी पहाटे पळून आला. मी रागवायला हवं होतं. मी त्याची पाठ थोपटली. संध्याकाळी त्याचं डोकं ठणकत होतं, जेवण जात नव्हतं. पण कमजोर म्हणतील म्हणून तो गप्प राहिला. रात्री बसल्या जागी धाप लागली, छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, सकाळच्या विमानाने खाली पाठवलं. पोरगा वाचला.

असं का झालं? कळसूबाई १,६४६ मीटर, लेह सुमारे ३,५०० मीटर. ऑक्सिजनचं प्रमाण लेहलाही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासात जवळपास एक तृतीयांश ऑक्सिजन कमी मिळतो. व्यायामाने हृदय आणि स्नायू तयार होतात. विरळ हवेची सवय मात्र त्या उंचीवर काही दिवस राहूनच होते. त्याआधी दमछाक केली तर रक्तातला ऑक्सिजन आणखी घटतो, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो आणि फुप्फुसात पाणी झिरपू शकतं.

उंचावर गेलेल्या १,९२५ जवानांच्या त्रासाचा अभ्यास आपल्या लष्करी डॉक्टरांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. हे सगळे धडधाकट सैनिक होते, हे लक्षात घ्या. उलट फिट माणसाचा धोका असा, की त्याचे पाय त्याला घाई करू देतात.

मग करायचं काय? विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस आराम. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, भूक मेलेली असेल तर वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला, बोलण्यात गोंधळ झाला, तर उजाडायची वाट न पाहता, सोबत माणूस देऊन रुग्णाला खाली उतरवा. ऑक्सिजन असेल तर लावा, पण त्याच्या भरवशावर वर थांबू नका.

पळणं सोडू नका. चढाईला दम लागतोच. फक्त वर पोचल्यावर पहिले दोन दिवस बूट बाजूला ठेवा. आणि सोबतचा कुणी "डोकं दुखतंय" म्हणाला, तर त्याला हसू नका. ते सांगायलाही धैर्य लागतं.

जय हिंद.