अकरा स्क्रूंखालची गिटार

नव्वदच्या दशकात मीरा रोडला इमारती भराभर उठत होत्या. त्यात राहायला आलेल्या बहुतेक घरांचा महिना घराचा हप्ता, रेल्वेचा पास आणि शाळेची फी यांतच संपायचा. अशा घरात इलेक्ट्रिक गिटारचा विषय काढणं सोपं नव्हतं, कारण ती एकटी येत नाही. मागोमाग अ‍ॅम्प्लिफायर येतो, केबल येते, तारांचा खर्च येतो. तरीही ती आली. आमच्या घरीही आली, सेकंडहँड.

आवाजाची ओढ त्याआधीपासूनची होती. ‘दम मारो दम’मधली १९७१ सालची ती गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली. पुढे १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा संगीत महोत्सव भरू लागला. तिथून जवळच जेर महालात फर्टाडोजचं दुकान. १८६५ पासूनच्या या पेढीत टांगलेल्या परदेशी गिटारी बघायला पोरं मरीन लाइन्सला उतरायची आणि बघून परत विरार लोकल धरायची. परवडायच्या त्या कोलकात्यात बनलेल्या, गिवसन किंवा गिबटोन नावाच्या. या कारखान्यांचे उपकार मोठे आहेत. ते नसते तर आमच्यासारख्यांच्या हातात इलेक्ट्रिक गिटार पडली असती असं मला वाटत नाही.

१ एप्रिल २००१ रोजी आयातीवरची उरलीसुरली परिमाणात्मक बंधनं उठली. पुढच्या काही वर्षांत इंडोनेशिया आणि चीनमध्ये बनलेल्या स्क्वायर, आयबनेझ, कोर्ट अशा गिटारी दुकानांत सहज दिसू लागल्या. मग ऑनलाइन दुकानं आली. आज दहा-पंधरा हजारांत मिळणारी गिटार यंत्रावर इतकी नेमकी कापलेली असते की आमच्या वेळच्या गिटारीशी तिची तुलनाच नको.

पण गिटार उघडायची सवय लागली ती त्या जुन्या काळात, आणि ती लागली याचं श्रेय रचनेलाही आहे. लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांनी १९५४ साली आणलेली स्ट्रॅटोकास्टर दुरुस्तीवाल्याच्या डोक्यातून उतरलेली आहे: नेक चार स्क्रूंनी बॉडीला आवळलेली, आणि सगळी वायरिंग एका पातळ प्लास्टिकच्या पाटीला लटकलेली. आजच्या स्ट्रॅट-छाप गिटारीवरचे अकरा स्क्रू काढले की तारांचं कंपन टिपणारे तीन पिकअप, आवाज-टोनच्या बटणांखालचे तीन पॉट आणि एक स्विच असा सगळा संसार हातात येतो. बदल करणाऱ्यांनी पुढे कारखान्यालाही शिकवलं. मूळ स्विच तीन जागांचा होता. वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअपचा एकत्र आवाज काढायचे. १९७७ मध्ये कंपनीने पाच जागांचा स्विच स्वतःहून बसवायला सुरुवात केली.

पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा साथीदार ब्रायन मे याने तर १९६३ पासून वडिलांबरोबर घरीच गिटार घडवली. नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, ट्रेमोलोला मोटरसायकलच्या स्प्रिंगा. त्यांच्या क्वीन बँडच्या रेकॉर्डांवर प्रामुख्याने तीच वाजते.

आमची धाव ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडपर्यंत. पॉट, कपॅसिटर, सोल्डर, शिल्डेड वायर सगळं तिथे मिळायचं. सिंगल कॉइल पिकअपला २५० किलोओहमचा पॉट आणि हमबकरला ५०० चा, हे तिथल्या काउंटरवर ठाम सांगता आलं नाही तर भलताच माल गळ्यात पडायचा. पन्नास हर्ट्झची घरघर हा आमचा कायमचा वैरी: ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, कुठे अर्थिंगच नसलेली इमारत. सेठ लव्हर यांनी गिब्सनमध्ये १९५५ च्या सुमारास दोन उलट्या कॉइल जोडून ही घरघर मारली, तोच हमबकर. ज्यांच्याकडे तो घ्यायला पैसे नव्हते, त्यांनी बॉडीतल्या पिकअपच्या खाचेत आतून तांब्याची पट्टी चिकटवली आणि ती ग्राउंडला जोडली. घरघर पुरती जात नाही, पण रात्री वाजवता येईल इतकी कमी होते.

माझं ठाम मत असं की स्वस्त गिटारीत पहिला पैसा पिकअपवर घालू नये. पहिला हात नटवर, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा ज्या पट्टीच्या खाचांत बसतात तिच्यावर. नटमधल्या खाचा उथळ राहिल्या की तार उंच राहते, पहिल्या फ्रेटवर बोटं सोलतात आणि सूर चढा लागतो. नवशिक्याला वाटतं, दोष आपल्या कानात. परीक्षा सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली केसभर फट दिसते का ते बघायचं. फट जास्त असेल तर खाच जराशी खोल करायची. त्यासाठी महागड्या कानशी लागत नाहीत. गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या खरबरीत तारांचा संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो चालतो. दोन-चार घासे, तार परत बसवायची, ट्यून करायची, बघायचं, पुन्हा. इथे घाई केली तर नट बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

मीरा-भाईंदरची हवा आणखी एक काम लावते. एका अंगाला वसईची खाडी, आसपास मिठागरं. पावसाळ्यात तारा गंजतात, लाकूड फुगतं, नेक वाकते. नेकमधल्या ट्रस रॉड नावाच्या सळईला पाव वळसा देऊन ती सरळ करावी लागते आणि डिसेंबरात तो वळसा परत काढावा लागतो.

फ्रेटबोर्डाच्या लाकडाची गोष्ट आमच्या दाराशीच येऊन थांबते. जगभरच्या गिटारींवर वर्षानुवर्षं आपल्याकडचा शिसव बसत आला. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या अख्ख्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, पण तोवर स्वस्त गिटारींनी दुसरं लाकूड धरलं होतं. आज ते ‘इंडियन लॉरेल’ म्हणून विकलं जातं. हा आपला ऐन, ठाणे-पालघरच्या जंगलातला. रंगाने जरा फिका, पण टणक. त्यावर वाजवताना मला काही कमी जाणवत नाही.

माझ्या जुन्या गिटारीचं वायरिंग, स्विच, नट, खुंट्या सगळं बदललं. पिकअप मात्र मूळचेच ठेवले. आता पहिल्या पाच फ्रेटना तारांचे खळगे पडलेत, त्यामुळे फ्रेट बदलायला आलेत. पाऊस सरून लाकूड स्थिर झालं की, दिवाळीनंतर, ते काम काढायचं आहे.