हरवलेल्या फाइलीचा तगादा

वर्षानुवर्षें निमूटपणें चालणारी एखादी आज्ञावली एके दिवशीं उघडावी आणि तिनें कामाला लागण्याऐवजीं आपली मूळ सीडी मागत बसावें, हा प्रसंग पुष्कळ घरांत येतो. हिशेब तर आजच पाठवावयाचा असतो. सीडी घर बदलतांना केव्हांच रद्दींत गेलेली असते. कित्येकदां संगणकाला सीडी घालावयाची खांचसुद्धां नसते, तरी मागणी आपली चालूच!

हा हट्ट वाटतो. पण त्याच्या मागें हिशेबीपणा आहे. मायक्रोसॉफ्टनें १९९९ सालीं 'ऑफिस २०००'बरोबर 'विंडोज इन्स्टॉलर' नांवाची व्यवस्था आणली. आज्ञावली बसवितांना कोणता भाग कोठें ठेवला आणि तो मुळांत कोठून आणला, ह्या दोहोंची नोंद ही व्यवस्था एखाद्या दक्ष कोठावळ्याप्रमाणें करते. पुढें पडद्यावरील चिन्हावरून आज्ञावली उघडतांना ठरावीक भाग जागेवर आहेत कीं नाहींत, हें ती पाहते. एखादा नाहींसा झाला असेल, तर जेथून आणला तेथेंच तो पुन्हां मागावयास जाते. ती जागा सीडी असेल, कचेरींतील सामायिक संगणक असेल, किंवा डाउनलोड केलेल्या फाइलींचा केव्हांच रिकामा केलेला कप्पा असेल.

गंमत अशी कीं, मागणी करणारी आज्ञावली नेहमीं आपण उघडलेलीच असते असें नाहीं. म्हणून चौकटींतील नांव आधीं नीट वाचावें. 'इव्हेंट व्ह्यूअर'मधील १००१ व १००४ क्रमांकांच्या नोंदींत कोणाचा कोणता भाग सांपडत नाहीं, हें लिहिलेलें असतें. मग तीच आवृत्ति निर्मात्याकडून उतरवून घेऊन चौकटींत तिची जागा दाखवावी. नवी आवृत्ति चालत नाहीं; आंतील सांकेतिक क्रमांक जुळावा लागतो.

खरें नुकसान मात्र निराळ्याच ठिकाणीं होतें. विंडोजमध्यें 'इन्स्टॉलर' नांवाचा एक दडविलेला कप्पा असतो. त्यांत बसविलेल्या आज्ञावलींच्या याद्या व दुरुस्त्या सांठविलेल्या असतात. फाइलींचीं नांवें अर्थहीन, आकार मात्र कधीं कधीं कित्येक गिगाबाइट. जागा मोकळी करूं पाहणाऱ्याला हा निव्वळ कचरा वाटतो. तो काढला त्या दिवशीं कांहींच बिघडत नाहीं. बिघडतें तें कांहीं महिन्यांनीं. सुरक्षेसाठीं आलेली नवी आवृत्ति जुनीला काढूं जाते, तिला यादी मिळत नाहीं, आणि १७१४ क्रमांकाची चूक दाखवून ती थांबते. जुनी, सदोष आज्ञावली तशीच चालत राहते. दुसऱ्याच्या संगणकावरून त्या फाइली आणूनही भागत नाहीं. प्रत्येक यंत्रावर त्या निराळ्या असतात.

अशा वेळीं रजिस्ट्रींतील नोंदी खरडून काढण्याचा मोह होतो. पण मायक्रोसॉफ्टचेंच 'विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप' हें साधन इतर भागांना इजा करूं लागल्यामुळें २०१० सालीं मागें घ्यावें लागलें. त्यापेक्षां जुन्याच आवृत्तीचा मूळ संच, प्रत पुन्हां सांठविण्याचा पर्याय देऊन, चालवावा. हरवलेली यादी बहुधा त्यानें कप्प्यांत परत येते, आणि अडलेली नवी आवृत्ति मग बसते.