बर्फावरची शेवटची पावलं

बालमित्रांनो, गुप्तहेरांच्या गोष्टी तुम्हांला आवडतात ना? मग आज एक खरीखुरी गोष्ट ऐका. हिच्यात चोर नाही, पण कोडं असं आहे, की मोठी माणसंही साठ वर्षं डोकं खाजवत बसली!

रशियात उरल नावाची लांबच लांब पर्वतरांग आहे. १९५९ च्या जानेवारीत दहा गिर्यारोहक स्कीवरून तिथल्या मोहिमेला निघाले. बहुतेक जण स्वेर्दलोव्स्क शहरातल्या तंत्रशिक्षण संस्थेचे आजी-माजी विद्यार्थी. त्यांचा नेता इगोर द्यातलोव्ह अवघा २३ वर्षांचा. वाटेत एकाचं दुखणं बळावलं, म्हणून तो माघारी फिरला आणि वाचला. उरलेल्या नऊ जणांनी १ फेब्रुवारीला एका उघड्या उतारावर बर्फ खणून तंबू ठोकला. ते परत आलेच नाहीत.

२६ फेब्रुवारीला शोधपथकाला तो तंबू सापडला. आता नीट लक्ष द्या हं! तंबूचं कापड आतून कापलेलं. बूट, कोट बहुतेक आतच. पावलं उतरत गेलेली जंगलाकडे, पण धावत नव्हे, चालत. सुमारे दीड किलोमीटरवर एका उंच झाडाखाली विझलेली शेकोटी आणि दोघांचे मृतदेह. तिथून तंबूकडे जाणाऱ्या वाटेवर आणखी तिघं. त्यांत इगोरही होता. उरलेले चौघं सापडले मे महिन्यात, जवळच्या घळीत, बर्फाखाली. त्यांतल्या तिघांना जबर मार लागला होता.

मग काय, तर्कांना ऊत आला! कुणी हिममानव आणला, कुणी गुप्त अस्त्राची चाचणी, तर कुणी उडती तबकडी. पण इतर कुणाची पावलं तिथे आढळलीच नव्हती. मग हिममानव काय हवेतून आला?

२०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दोन शास्त्रज्ञांनी गणित मांडलं. तंबूसाठी उतार खणल्यामुळे वरच्या बर्फाचा आधार गेला. रात्रभर वाऱ्याने त्यावर आणखी बर्फ आणून टाकला. कित्येक तासांनी एक घट्ट थर लादीसारखा सटकून झोपलेल्यांवर आदळला असावा. मार लागला तो त्यामुळे. आणि आणखी बर्फ येईल या भीतीने सगळे तंबू फाडून बाहेर पडले. अर्थात, सगळं कोडं सुटलं असं तेही म्हणत नाहीत बरं का.

पण पुढचं तुम्हीच वाचा. घळीत फांद्यांची बैठक केलेली होती. तिथल्या काहींच्या अंगावर झाडाखालच्या मित्रांचे कपडे होते. म्हणजे जे गेले, त्यांची ऊब जिवंत असलेल्यांच्या कामी आली. आणि ते वाटेवरचे तिघं? बहुधा कपडे आणायला तंबूकडे परत निघाले असावेत, त्या मरणाच्या थंडीत! सैरावैरा पळणारी माणसं असं करतात का? शेवटपर्यंत ती एकमेकांसाठी धडपडत होती.

आता एक गृहपाठ. वहीच्या पानावर दोन रकाने आखा. एकात लिहा 'दिसलं ते', दुसऱ्यात 'वाटलं ते'. तंबू आतून कापला होता, हे पहिल्यात. का कापला, हे दुसऱ्यात. बाकीचं तुम्ही भरा. आणि घरी आईबाबांनाही विचारा, त्यांचे रकाने तुमच्याशी जुळतात का ते!