पाण्याचं पॉलिश पाण्याला टिकतं का?

‘पॉलिशमध्येच पाणी, मग ओल्या पेल्याखाली ते काय टिकणार?’ जेवणाच्या टेबलासाठी वॉटर-बेस्ड पॉलिश सुचवलं की घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. प्रश्न अगदी रास्त आहे.

भिलाईच्या वैशाली नगरसारख्या वस्तीत तर तो जास्तच महत्त्वाचा. १९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसं इथे नोकरीला आली. त्यांत विदर्भातली मराठी कुटुंबंही होती. सागवानाचं टेबल, बिजा लाकडाचा दिवाण, देवघर हे अशा घरातलं जिव्हाळ्याचं सामान. ते बिघडलं तर तसंच दुसरं दुकानात मिळत नाही. शिवाय पॉलिशचं काम निघालं म्हणून घर सोडून कुठे जाणार? आजोबांना दमा, धाकटं रांगतंय आणि पुढच्या खोलीत थिनरचा उग्र वास, अशी कितीतरी घरांची अडचण असते.

आधी जुन्या पॉलिशबद्दल. छत्तीसगडच्या जंगलात कुसुम, पळस आणि बोरीच्या झाडांवर लाखेचे किडे वाढतात. त्या लाखेपासून चपडा होतो आणि चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की आपलं ओळखीचं फ्रेंच पॉलिश तयार. त्याची झळाळी देखणी, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटलंच. पुढे मेलामाईन आणि पीयू आले. ते टणक खरे, पण त्यांचं थिनर डोळ्यांत झोंबतं आणि चटकन पेट घेतं. काम चालू असताना गॅस आणि देवापुढची समईसुद्धा दूर ठेवावी लागते.

वॉटर-बेस्ड पॉलिशमध्ये पाणी फक्त वाहून आणण्याचं काम करतं. प्लास्टिकसारख्या राळेचे अतिसूक्ष्म कण त्यात तरंगत असतात, म्हणून डब्यात ते दुधासारखं दिसतं. पाणी उडून गेलं की हे कण एकमेकांना चिकटून एकसंध, पारदर्शक पापुद्रा बनतो. एकदा तो नीट पिकला की पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणजे आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर ‘टिकतं’ असंच आहे. मात्र सगळेच डबे सारखे नसतात.

डब्यावर नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असेल तर फसू नका. त्याचा अर्थ पाण्याला दाद न देणारं एवढाच. आत थिनरचं पॉलिशही असू शकतं. ‘वॉटर-बेस्ड’ हा शब्द शोधा. त्यातही नुसतं अ‍ॅक्रिलिक असेल तर पापुद्रा काहीसा मऊ राहतो. फोटोफ्रेम किंवा शोभेच्या कपाटाला ते पुरतं. टेबल, दिवाण, अभ्यासाचं मेज यांना पीयू असलेलं घ्यावं. सर्वांत कणखर असतं ते दोन डब्यांचं, ज्यात हार्डनर मिसळावा लागतो. मिसळल्यावर ते थोड्याच तासांत संपवावं लागतं, म्हणून लागेल तेवढंच कालवावं. ‘पाण्याचं आहे, म्हणजे निर्धोक’ असं मात्र समजू नये. वास कमी असला तरी त्यात थोडी रसायनं असतातच, आणि काही हार्डनर दम्याच्या रुग्णाला चांगलेच बाधू शकतात. खिडक्या उघड्या हव्यात, कारागिराच्या तोंडावर योग्य मास्क हवा आणि आजोबांची खाट त्या दिवसांत दुसऱ्या खोलीत हवी.

आता लाकूड. पाणी लागताच लाकडाचे तंतू उभे राहतात आणि हाताला खरखर लागते. त्यावर उपाय सोपा आहे. आधीच ओल्या फडक्याने पृष्ठभाग पुसून घ्यावा, वाळू द्यावा आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासावा. स्टील वूल अजिबात वापरू नये. त्याचे बारीक कण लाकडात अडकतात, गंजतात आणि काळे ठिपके पडतात. पोलादाच्या गावात पोलादाचीच बंदी, पण इलाज नाही!

सागवानात नैसर्गिक तेल असतं. घासून झाल्यावर ते स्पिरिटच्या फडक्याने पुसून घेतलं तर पॉलिश चांगलं धरतं. बिजा, म्हणजे महाराष्ट्रातला बिबळा, याची तऱ्हा वेगळी. त्याच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी रंगतं, हे पुष्कळांनी पाहिलं असेल. तोच रंग वॉटर-बेस्ड पॉलिशमध्येही उतरू शकतो. म्हणून खाली मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात द्यावा. साधा चपडा नको, कारण त्यातल्या मेणावर वरचा थर पकड घेत नाही. या हातामुळे लाकडाला मधासारखी छटाही येते. नुसतं वॉटर-बेस्ड पॉलिश पाण्यासारखं नितळ असतं आणि सागवान त्याखाली अनेकांना फिकं वाटतं.

लावण्याची पद्धतही वेगळी आहे. फ्रेंच पॉलिशला सरावलेला कारागीर कापसाची गादी घेऊन पुन्हा पुन्हा घासू लागतो आणि इथेच काम बिघडतं. नायलॉनचा ब्रश घ्यावा, पातळ हात द्यावा आणि वळून त्याच जागी जाऊ नये. डबा हलवू नये, बुडबुडे होतात. तळापासून सावकाश ढवळावं. असे तीन-चार हात हवेत.

आणि मुहूर्त! नवतप्याच्या कोरड्या उन्हात ब्रश फिरवेपर्यंत पॉलिश वाळतं आणि ब्रशच्या रेघा तशाच राहतात. भर पावसाळ्यात उलट, पाणी आत कोंडून थर दुधाळ होतो. भिलाईकडे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम, तेही ऊन चढल्यावर. पहाटेच्या गारठ्यात कण नीट जुळत नाहीत.

बाहेरच्या दाराला मात्र घरातलं पॉलिश लावू नये. ऊन पारदर्शक थरातून आत जाऊन लाकडाचा वरचा पापुद्राच सैल करतं आणि पॉलिश सुटू लागतं. तिथे बाहेरच्या वापराचं, उन्हापासून संरक्षण देणारं पॉलिश हवं आणि अधूनमधून नवा हातही. पोळपाट-लाटण्याला तर यातलं काहीच नको, खाण्याच्या तेलाचं बोट पुरे.

खरेदीपूर्वी एक परीक्षा घरीच घ्या. त्याच लाकडाच्या तुकड्यावर लहान डब्यातलं पॉलिश लावून तीन-चार आठवडे ठेवा. मग रात्रभर ओला पेला, हळद-तेलाचा थेंब, लिंबाची फोड आणि गरम कप ठेवून पाहा. पुसल्यावर डाग राहिला नाही, तरच टेबलाला हात लावू द्या.

हे तीन-चार आठवडे टेबलालाही द्यावे लागतात. दोन-चार तासांत हाताला कोरडं लागलं तरी आतून ते कच्चंच असतं. आपल्याकडे पॉलिशवाला दाराबाहेर पडत नाही तोच नव्या टेबलावर प्लास्टिकचं कव्हर पसरलं जातं. महिनाभर तरी ते कपाटातच राहू द्या. नाहीतर काढताना कव्हराबरोबर पॉलिशही निघून येईल.