शाळा सोडल्याचा दाखला

मुंबईतल्या एखाद्या जुन्या, नामांकित शाळेत पाऊल टाकले की मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक लाकडी फलक बहुधा दृष्टीस पडतो, आणि शाळेचे नाव उज्ज्वल करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची नावे, शालान्त परीक्षेतल्या गुणवंतांच्या शेजारीच, त्यावर सोनेरी अक्षरांत ओळीने रंगविलेली असतात. त्यांत एखादे नाव भारताच्या कसोटी संघातले असले तर पाहुण्याला ते आवर्जून दाखविले जाते. आणि पाहुणाही साहजिकच असे समजून चालतो की हा मुलगा बालवर्गापासून याच भिंतींच्या आत वाढला, याच पटांगणात त्याने पहिल्यांदा बॅट हाती धरली आणि येथूनच तो थेट वानखेडेवर गेला. वस्तुस्थिती पुष्कळदा निराळी असते. गेल्या चाळीस वर्षांत मुंबईच्या शाळांनी देशाला दिले म्हणून जे खेळाडू सांगितले जातात, त्यांतले अत्यंत ठळक असे काही जण त्या त्या शाळेत माध्यमिक शिक्षणाच्या अर्ध्या वाटेवर, दुसऱ्या शाळेचा दाखला हाती घेऊन आलेले होते. फलकावर हे लिहिलेले नसते, कारण तशी वहिवाट नाही. आणि पहिल्या शाळेच्या भिंतीवर तर त्या मुलाचे नाव लागण्याचा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही.

हा ‘शाळा सोडल्याचा दाखला’ म्हणजे शिक्षणखात्याच्या दप्तरातला मोठा निरस कागद. विद्यार्थ्याचे नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, यापूर्वीची शाळा, प्रगती, वर्तणूक, आणि खाली ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना, ज्यात लेखनिक बहुधा मागचापुढचा विचार न करता ‘पालकांची विनंती’ असे दोन शब्द टाकून मोकळा होतो. परंतु मुंबईच्या शालेय क्रिकेटचा इतिहास ज्याला लिहावयाचा असेल त्याने धावफलकांइतकेच लक्ष या रकान्याकडे द्यावे असे माझे मत आहे; कारण आपल्याकडे गुणी मुलगा शाळा घडवीत नाही आणि शाळाही मुलाला एकटी घडवीत नाही, तर कोणी तरी जाणता मनुष्य त्या मुलाला योग्य त्या शाळेपर्यंत नेऊन पोचवितो, आणि या नेण्याचा खर्च, म्हणजे शुल्क, प्रवास आणि राहण्याची सोय, कोणाला तरी सोसावा लागतो.

योग्य ती शाळा म्हणजे काय, हे समजण्यासाठी हॅरिस शील्डची व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस हे राज्यकारभारापेक्षा क्रिकेटविषयीच्या आस्थेकरिता अधिक लक्षात राहिलेले गृहस्थ. त्यांच्या नावाने शाळाशाळांतील सामन्यांची ही ढाल चालू झाली आणि ती आजतागायत चालू आहे. सोळा वर्षांखालील मुलांसाठी हॅरिस शील्ड आणि चौदांखालील मुलांसाठी जाइल्स शील्ड. सामने होतात ते मुख्यतः मैदानांवर, आणि त्यांतही आझाद मैदानावर, जेथे बावीस खेळपट्ट्या एकमेकींना इतक्या खेटून आहेत की एका सामन्यातला सीमारक्षक दुसऱ्या सामन्यातल्या यष्टिरक्षकाच्या पाठीशी उभा असतो. परंतु या गर्दीचे महत्त्व गर्दीत नाही. मुलाला शाळेच्या वयातच एकाहून अधिक दिवसांचा सामना, कठीण चामडी चेंडू, पंच, धावफलक, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येणारे नाव, या पाचही गोष्टी एकदम मिळाव्यात अशी सोय देशात फार थोड्या ठिकाणी होती. ज्या शाळेचा संघ या स्पर्धेत उतरत नसे, किंवा उतरून पहिल्याच फेरीत परतत असे, त्या शाळेतल्या मुलाच्या अंगी कितीही गुण असले तरी वर्षाकाठी त्याच्या वाट्याला एकच डाव येई.

शिवाजी पार्कवरचे क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांनी हे गणित सर्वांआधी आणि सर्वांत निष्ठुरपणे मांडले. सचिन तेंडुलकर हा वांद्र्याच्या साहित्य सहवासातला, जवळच्याच इंडियन एज्युकेशन सोसायटीच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकणारा मुलगा; १९८४ च्या उन्हाळ्यात थोरला भाऊ अजित त्याला शिवाजी पार्कवर घेऊन आला, आणि थोड्याच अवधीत आचरेकर सरांनी घरच्यांना सांगितले की मुलाला खरोखर क्रिकेट खेळवायचे असेल तर त्याची शाळा बदलून दादरच्या शारदाश्रमात घाला. प्राध्यापकाच्या घरात हा सल्ला मानला गेला, याचे मला आजही नवल वाटते. दाखला हलला, त्यापाठोपाठ मुलगाही हलला, कारण वांद्रे ते शिवाजी पार्क ही ३१५ क्रमांकाच्या बसची रोजची यातायात सकाळचा सराव, दुपारची शाळा आणि संध्याकाळचा सराव यांत बसेना, आणि त्याची राहण्याची सोय शिवाजी पार्कनजीकच्या काका-काकूंच्या घरी करण्यात आली. त्याच शाळेतला त्याचा सवंगडी विनोद कांबळी कांजूरमार्गच्या चाळीतून यायचा. त्याला जवळचे असे काका-काकू नव्हते, लोकलचा पास होता.

या शाळेत शिस्त कशी होती याची एक गोष्ट सचिनने स्वतःच सांगून ठेवली आहे. शाळेकडून खेळलेल्या पहिल्या सामन्यात त्याच्या धावा झाल्या चोवीस. वर्तमानपत्रात नाव यायचे तर तीस धावा हव्यात असा तेव्हाचा दंडक. तेव्हा धावलेखकाने अवांतर धावांतल्या सहा उचलून याच्या खाती जमा केल्या, आणि मुलाने, नाव छापून येणार या मोहाने, त्याला ना म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी नाव आले, आणि आचरेकर सरांनी, न काढलेल्या धावा खात्यावर घेतल्याबद्दल, त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. पुढे फेब्रुवारी १९८८ मध्ये, हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात, सेंट झेवियर्सविरुद्ध याच दोघांनी तिसऱ्या जोडीसाठी ६६४ धावांची अभंग भागीदारी रचली. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, आणि शारदाश्रमाची धावसंख्या दोन बाद ७४८. डाव सोडा असा सरांचा निरोप बाहेरून येत होता आणि हे दोघे सीमारेषेकडे पाहायचेच टाळीत होते. पायाला पॅड बांधून पुढच्या क्रमांकासाठी बसून राहिलेला मुलगा अमोल मुजुमदार होता. झेवियर्सच्या बाजूने गोलंदाजी करणाऱ्यांत साईराज बहुतुले होता. एका शालेय सामन्याच्या दोन बाजूंना मिळून पुढच्या काळातली एवढी माणसे उभी असावीत, हे त्या स्पर्धेचे सामर्थ्य. आणि त्या सामर्थ्यापर्यंत पोचण्यासाठी वांद्र्याच्या मुलाला घर सोडावे लागावे, ही तिची अट.

दादरची ही पद्धत पुढे पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून उत्तरेकडे सरकली, आणि येथे ती आमच्या परिसराशी येऊन भिडते. मी ज्या पाली गावाच्या आसपासचे म्हणून हे लिहीत आहे ते पाली मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत, धारावी बेटाच्या समुद्राकडील अंगाला, उत्तन आणि चौक यांच्या सोबतीला वसलेले. जिल्हा ठाणे, परंतु ठाण्याशी नित्याचा व्यवहार कचेरीच्या कामापुरताच. येथून बोरिवलीला जायचे तर दोन वाटा : बसने भाईंदर स्टेशन गाठून गाडी धरणे, किंवा गोराईपर्यंत रस्त्याने जाऊन खाडी होडीने ओलांडणे. मुले क्रिकेट खेळतात, भरपूर खेळतात. बोंबील वाळत घालण्याच्या वलांड्या जेथे संपतात तेथल्या मोकळ्या पट्टीत, टेनिसच्या चेंडूने, आणि गावोगावच्या स्पर्धांत हिरिरीने. परंतु टेनिसचा चेंडू हलका, उसळी उंच, डाव पाच-सहा षटकांचा. त्यात आडव्या बॅटचा फटका हेच शहाणपण ठरते, आणि त्याच मुलाला चामडी चेंडूसमोर सरळ बॅटने तीन तास उभे राहा म्हटले तर त्याचे अर्धे शिक्षण पुसून पुन्हा लिहावे लागते. ते लिहिणारी शाळा आणि तो लिहिणारा मास्तर खाडीच्या पलीकडे होता.

त्या मास्तरांचे नाव दिनेश लाड, आणि शाळा बोरिवलीची स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूल. १९९९ च्या सुमारास त्यांनी दुसऱ्या शाळेकडून ऑफस्पिन टाकणारा एक मुलगा पाहिला आणि त्याला आपल्या शाळेत येण्यास सुचविले. मुलाचे आईवडील डोंबिवलीच्या एका खोलीत राहत. मुलगा बोरिवलीला आजीआजोबा आणि काकांकडे वाढत होता, आणि नव्या शाळेचे दरमहा २७५ रुपये शुल्क घराला झेपणारे नव्हते. लाडांनी संस्थेकडे रदबदली केली, शुल्क माफ झाले, आणि रोहित शर्मा चार वर्षे त्या शाळेत एक पैसा न भरता शिकला. तो फलंदाज आहे हे ध्यानात यायला आणखी काही काळ गेला. शाळेच्या आवारात एकदा त्याला बॅटने चेंडू टोलवीत असताना सरांनी पाहिले, आणि खालच्या क्रमांकावर येणाऱ्या या ऑफस्पिनरला सलामीला पाठविले. त्यानंतर २०१४ साली ईडन गार्डन्सवरच्या एकाच एकदिवसीय डावात २६४ धावा आणि २०२४ साली बार्बाडोसला विश्वचषक उचलणे, हा सर्व मजकूर वाचकांना पाठ आहे.

शार्दूल ठाकूरची हकिकत मला अधिक बोलकी वाटते, कारण तेथे प्रश्न शुल्काचा नव्हता, अंतराचा होता. हा पालघरचा शेतकरी कुटुंबातला, बोईसरच्या शाळेत शिकणारा मुलगा. लाडांच्या शाळेविरुद्ध खेळताना त्याने बॅट आणि चेंडू दोहोंनीही त्यांना हैराण केले, आणि सामना संपल्यावर त्यांनी वडिलांकडे त्याच्या दाखल्याची मागणी केली. वडिलांची अडचण रास्त होती : दहावीचे वर्ष, आणि पालघरहून बोरिवलीला रोज जाऊन येण्यात दिवसाचा मोठा भाग गाडीतच जाणार. त्यावर लाडांनी जो तोडगा काढला तो कोणत्याही क्रीडाधोरणाच्या कलमात सापडणार नाही. त्यांनी मुलाला आपल्याच घरी ठेवून घेतले. मुंबईच्या छोट्या घरात, स्वतःची मुले वाढत असताना, परक्याच्या वाढत्या वयाच्या मुलाच्या जेवणाखाणाची जबाबदारी पत्करणे म्हणजे काय, हे ज्याने मुंबईत संसार केला आहे त्याला सांगावे लागत नाही. आणि या निर्णयातला घरच्या बाईचा वाटा कोणत्याही फलकावर रंगविला जात नाही, हेही येथेच नमूद करून ठेवतो. शार्दूलने याच शाळेकडून खेळताना एका षटकात सहा षटकार मारले. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला, अर्धा संघ जायबंदी असताना, त्याने पहिल्या डावात ६७ धावा काढल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. लाडांना २०२२ सालचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

या पद्धतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निवडक शाळांकडे निवडक मुले एकवटली की उरलेल्या शाळांच्या वाट्याला काय येते, ते २० नोव्हेंबर २०१३ रोजी आझाद मैदानावर दिसले. विरारहून वडिलांचे बोट धरून लोकलने वांद्र्याला येणारा, लहानपणीच आई गमावलेला आणि पुढे वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेत दाखल झालेला पृथ्वी शॉ त्या दिवशी, चौदा वर्षांचा असताना, ३३० चेंडूंत ५४६ धावा करून बाद झाला, आणि रिझवीची धावसंख्या ९९१ पर्यंत गेली. प्रतिस्पर्धी होती बोरिवलीची सेंट फ्रान्सिस डि’असिसी. वर्तमानपत्रांनी पृथ्वीची छायाचित्रे छापली, आणि ती छापण्याजोगीच होती. परंतु दोन दिवस उन्हात चेंडू वेचणाऱ्या त्या अकरा मुलांपैकी किती जणांनी पुढच्या मोसमात पुन्हा नाव नोंदविले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला भंडारी चषकाच्या सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा काढून, १८९९ साली ए. ई. जे. कॉलिन्सने इंग्लंडमध्ये केलेला नाबाद ६२८ चा विक्रम मोडला. प्रतिपक्षाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. रिक्षाचालकाच्या या मुलाला मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती देऊ केली. पुढे मुलाच्या खेळात घसरण झाल्याचे पाहून वडिलांनीच ती थांबवावी असे कळविले. पृथ्वीला रोजच्या गाडीने दक्षिणेकडे नेणारे कोणी होते. प्रणवच्या बाबतीत विक्रम कल्याणात झाला आणि मुलगाही कल्याणातच राहिला. केवळ यामुळेच पुढचे सारे घडले असे मी म्हणणार नाही, परंतु हॅरिस शील्डच्या मैदानावर जी कठोर पारख रोज होत असते ती त्या एका डावाने त्याला मिळू शकली नसती, हे उघड आहे.

मुलींना तर दाखला हलवूनही उपयोग नव्हता, कारण हलवून न्यायचे कोठे? हॅरिस आणि जाइल्स या दोन्ही ढाली मुलग्यांच्या. जेमिमा रॉड्रिग्जच्या आईवडिलांनी भांडुपहून वांद्र्याला बिऱ्हाड हलविले ते मुलांना खेळाची मैदाने मिळावीत म्हणून. परंतु पुढचे काम वडिलांनी, इव्हान रॉड्रिग्जांनी, उलट दिशेने केले. ते स्वतः क्रिकेटचे प्रशिक्षक. त्यांनी मुलीची शाळा बदलण्याऐवजी तिच्या सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंटमध्येच मुलींचा क्रिकेट संघ उभा केला. भावांच्या बरोबरीने गोलंदाजी टाकीत वाढलेली ही मुलगी हॉकीतही महाराष्ट्राच्या वयोगटांच्या संघांत होती, आणि २०१७ साली एकोणीस वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध तिने नाबाद २०२ धावा केल्या. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ठेवलेले ३३९ धावांचे लक्ष्य भारताने गाठले ते तिच्या नाबाद १२७ धावांवर. आणि त्या संघाचा प्रशिक्षक होता, १९८८ साली आझाद मैदानावर पॅड बांधून बसून राहिलेला, फलंदाजीची पाळी न आलेला अमोल मुजुमदार.