राजापूर घाटावरून पाहावे

पन्हाळ्याजवळच्या कोडोलीहून राजापूर शंभरेक किलोमीटर. वारणाकाठचा उसाचा पट्टा मागे पडतो, बांबवडे आणि मलकापूर जाते, शाहूवाडीचा पश्चिमेकडचा दाट डोंगराळ भाग लागतो, आणि अणुस्कुऱ्याला जमीन एकदम पाचशे-सहाशे मीटर खाली उतरते. पायथ्याला पाचल, रायपाटण आणि पुढे अर्जुना नदीच्या सोबतीने राजापूर. हे ऐतिहासिक बंदर आज बहुतेक लोक मुंबई-गोवा महामार्गावरून पाहतात. गाडी पुलाजवळ थांबते, गंगेच्या कुंडांना आणि धूतपापेश्वराला जाऊन येते, नाही तर तशीच पुढे निघते. अशा प्रवाशाला राजापूर एक दाटीवाटीचे, चढउतारांच्या गल्ल्यांचे आणि पुराने गाजणारे तालुक्याचे गाव वाटते, आणि त्यात त्याचा दोष नाही. बंदर म्हटल्यावर समुद्र दिसायला हवा, आणि इथून समुद्र वीस-पंचवीस किलोमीटर लांब. माझे म्हणणे असे की राजापूर समजायचे तर घाटावरून, कोडोलीसारख्या गावातून खाली उतरून जावे. हे बंदर समुद्राने जितके घडवले, त्याहून अधिक घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या कष्टाने घडवले आहे.

त्याचा पहिला पुरावा गावाची जागा. कोकणातल्या खाड्यांत भरतीचे पाणी आत घुसते आणि एका ठिकाणी थबकते, कारण तिथून नदीचे पात्र चढू लागते. अर्जुनेवर ती जागा राजापूर. होडी जिथवर फुकट जाऊ शकते ते शेवटचे ठिकाण हे, आणि तिथून पुढचा प्रत्येक कोस बैलाच्या पाठीवर. पाण्यावरून ओझे नेणे आणि पाठीवरून नेणे यांच्या खर्चात एवढे अंतर असते की व्यापारी होडीला शक्य तितके डोंगराच्या कुशीत आणतो. बंदर खाडीच्या मुखाशी, जैतापूरला थांबले असते तर जहाजांची सोय झाली असती. ते राजापूरला आले, कारण सोय बैलांची पाहायची होती.

दुसरा पुरावा कामाच्या वेळापत्रकाचा. घाटावर दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे पेटतात. चरकातून रस काहिलीत येतो, चुलवाणात चिपाडे ढकलली जातात, भेंडीच्या पाण्याने मळी वर येते आणि ती काढली जाते. पाक कधी उतरवायचा हे गुळव्या बोटांवर घेऊन ठरवतो. क्षणभर उशीर झाला तर गूळ काळवंडतो, लवकर उतरवला तर रवा धरत नाही. तयार गुळाचा वैरी एकच, ओल. म्हणून गूळ, मिरची, तंबाखू हा घाटावरचा माल पावसाळ्यात हलवणे शक्य नसते. पाऊस सरला की घाटवाट कोरडी होते, सुगीनंतर बैल मोकळे होतात आणि चाराही मिळतो. खाली नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होत जातो आणि पडाव, मचवे पाण्यात उतरतात. वरचा आणि खालचा हंगाम एकाच सुमारास उघडतो आणि दोन्ही मृगाच्या आधी बंद होतात. पाठीवर शे-सव्वाशे किलो ओझे घेतलेला बैल मुक्काम करत घाट उतरायचा आणि परतताना मीठ, नारळ, सुपारी, आमसूल, सुकी मासळी वर न्यायचा. रिकामा बैल चालवणे कुणालाच परवडत नव्हते.

या दोन हालचाली मात्र एकाच घड्याळावर चालत नव्हत्या, आणि गावाचा चेहरा त्यातूनच आला. तांडा पोहोचायचा तेव्हा पोहोचायचा. पडाव भरतीवर अवलंबून, आणि भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते. भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसे वर येत नाही, तेव्हा जड होडीला उधाणाची वाट पाहावी लागते. मधल्या काळात माल कुठे तरी ठेवायलाच हवा. 1880 साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरीच्या गॅझेटिअरमध्ये राजापूरच्या बाजाराची फरसबंदी आणि त्यावरची छपरे यांची मुद्दाम नोंद आहे, आणि कोकणातल्या जुन्या वळणाच्या शहरांत त्याला अग्रमान दिला आहे. त्या फरशीकडे आणि छपरांकडे हौसेची बांधणी म्हणून पाहू नये. ओल न लागता माल थांबवून ठेवण्याची ती व्यवस्था होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. इंग्रज समुद्रातून आले, अरबांची जहाजे समुद्रातून आली, मग बंदराचे श्रेय डोंगराला कसे? पण ते आले कशासाठी, हे पाहिले की उत्तर मिळते. 1649 च्या सुमारास इंग्रजांनी इथे वखार घातली ती रायबाग, हुबळीकडून येणारी मिरी आणि सुती कापड यांच्या ओढीने. हा सगळा माल घाटावरचा. वखारीचे लक्ष घाटाकडे किती लागले होते हे 1660 साली कळले. सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन सह्याद्री चढून आला आणि इंग्रजांचे निशाण लावून गडावर मारा करू लागला. पन्हाळ्याच्या ईशान्येला असलेल्या कोडोलीच्या परिसरातून तो गड सहज दिसतो. खाडीकाठच्या वखारवाल्याला इथल्या राजकारणात हात घालावासा वाटला, यातच दोन्ही टोके किती घट्ट बांधलेली होती ते दिसते. शिवाजी महाराजांनी हे बरोबर ओळखले. 1661 च्या मार्चमध्ये त्यांनी राजापूर घेतले, वखार खणून काढली, रेव्हिंग्टन आणि त्याच्या साथीदारांना कैद केले. ते सुटले 1663 साली, आणि नुकसानभरपाईचा वाद 1674 च्या राज्याभिषेकाला आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या तहापर्यंत चालला. पन्हाळ्यावरच्या आगळिकीचा हिशेब राजापुरात चुकता झाला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: राजापूर गाळाने मेले, घाटाचा त्यात काय संबंध? गाळ खराच आहे. डोंगरउतारांवरची माती दर पावसात अर्जुना आणि कोदवली खाली आणतात, आणि राजापूरच्या जवाहर चौकात पुराचे पाणी चढते त्यामागेही हा गाळ आहेच. पण 1880 च्या सुमाराची स्थिती पाहा. मोठे गलबत तेव्हाच जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैलांच्या आत येऊ शकत नव्हते, आणि तरीही जिल्ह्यात अरबी जहाजांशी थेट व्यापार उरला होता तो राजापूरचाच. म्हणजे माल येत होता तोवर लोक गाळाला पुरून उरत होते. जहाज खाली थांबवून छोट्या होड्यांनी माल वर आणत होते. फोंडा आणि आंबा घाटांतून गाडीरस्ते झाले तेव्हा अणुस्कुऱ्याच्या बैलवाटेचा माल बैलगाड्यांकडे वळू लागला. मग 1891 साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली. 1895 साली शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ शाहूपुरी वसवली आणि गुळाची पेठ तिथे उभी राहिली. पन्हाळा, वारणेच्या पट्ट्यातला गूळ तेव्हापासून पूर्वेकडे तोंड करून निघू लागला, आणि रेल्वेने गुजरातपर्यंत पोहोचला. राजापूरचे खरे नुकसान खाडीत झाले नाही, ते घाटमाथ्यावर झाले. गाळ तर आधीही होता. तो उपसण्याइतका नफा उरला नाही.

इटलीतल्या अमाल्फीचे उदाहरण इथे उपयोगी आहे. तेही डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या जागेत वसलेले जुने व्यापारी बंदर, आणि 1343 च्या सागरी उत्पाताने त्याचा खालचा भाग गिळला. पण गावामागच्या दरीत झऱ्याच्या पाण्यावर कागदाच्या गिरण्या चालत राहिल्या, उतारावर दगडी बांध घालून लिंबे पिकत राहिली, आणि त्या उतारावरून लिंबांच्या टोपल्या बायका खांद्यावरून उतरवत राहिल्या. आज तो सगळा किनारा 1997 पासून जागतिक वारसा आहे, आणि गिरण्यांची दरी लोक चालत जाऊन पाहतात. समुद्राइतकीच डोंगराची बाजू पाहण्याजोगी मानली गेली, हा फरक महत्त्वाचा.

कुणी म्हणेल, बैलांच्या आणि हमालांच्या यातनांचे हे गोडवे कशाला. गोडवे नकोतच. घाटात बैल पडत, माणसे तापाने जात, आणि ओझे वाहणाऱ्याचे नाव कुठल्या वखारीच्या वहीत नसे. त्यामुळेच त्या वाटेवरून जायला हवे. वखारीच्या भिंती पाहून फक्त वखारवाल्यांची आठवण होते.

अणुस्कुऱ्याची जुनी फरसबंदी वाट अजून काही ठिकाणी दगड धरून आहे. मोटाररस्ता होण्यापूर्वी शतकानुशतके ती वापरात होती. अडचण अशी की तिचा माथा कोल्हापूर जिल्ह्यात आणि पायथा रत्नागिरीत. कोल्हापूरच्या पर्यटनाच्या यादीत पन्हाळा आणि जोतिबा येतात, रत्नागिरीच्या यादीत गंगा आणि किनारे येतात, आणि मधला दुवा कुणाच्याच यादीत ठळक नसतो. दोन्ही जिल्ह्यांनी मिळून वाट साफ करावी, माथ्यावर आणि पायथ्याला फलक लावावेत, राजापुरातल्या जुन्या बाजाराच्या उरल्यासुरल्या खुणांची मोजदाद करून घ्यावी. ज्यांना आताच जायचे आहे त्यांनी हिवाळ्यातली पौर्णिमा किंवा अमावस्या निवडावी. कोडोलीहून पहाटे निघून वाटेत एखादे चालू गुऱ्हाळ पाहून घ्यावे आणि घाटात थोडे तरी अंतर पायी उतरावे. त्या तिथींना कोकणात उधाणाची भरती दुपारच्या सुमारास येते, म्हणून दुपारपर्यंत राजापूरच्या नदीकाठी पोहोचावे.