रव्याएवढे मणी, खडकाच्या भेगेत

आज थोडं जमिनीखाली जाऊया, दोन-तीन किलोमीटर खोल.

फ्रॅकिंगमध्ये विहिरीत प्रचंड दाबाने पाणी सोडतात. खडकाला भेगा पडतात आणि अडकलेलं तेल, गॅस बाहेर येतो. पण पंप बंद केला की खडकाचा दाब ती भेग परत मिटवतो. सगळा खर्च पाण्यात! म्हणून पाण्यासोबत बारीक दाणे पाठवतात, भेगेला टेकू म्हणून. अमेरिकेत कॅन्ससमध्ये १९४७ साली फ्रॅकिंगचा पहिला प्रयोग झाला. आजही टेकूला बहुतेक वाळूच असते.

अडचण कुठे येते? वाळू पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड. लांब जायच्या आधीच ती तळाला बसते.

मग हलके, गोल दाणे कसे बनवायचे? इथे इमल्शन कामाला येतं. स्टायरीन हा तेलासारखा द्रव. तो पाण्यात घालून ढवळायचा. पृष्ठताण प्रत्येक थेंबाला आपोआप गोल करतो. जितकं जोरात ढवळाल, तितके थेंब बारीक. ते परत एकत्र होऊ नयेत म्हणून पाण्यात स्टॅबिलायझर घालतात. मग गरम करायचं, की थेंबाचा घट्ट मणी होतो. सोबत डायव्हिनाइलबेन्झीन असेल, तर रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि मणी वितळत नाही. घनता सुमारे १.०५, म्हणजे जवळपास तरंगतोच!

मग वाळू बंद का नाही झाली? मणी महाग आहेत. शिवाय फार खोल, गरम विहिरीत ते दाबाने चपटे होतात, तिथे सिरॅमिकच लागतं.

घरी वाटीभर पाण्यात तेल घालून चमच्याने ढवळून बघा. थेंब का टिकत नाहीत, ते लगेच कळेल!